भोंग्याची हलकी फाईल

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून सगळे भोंगा म्हणत. पाळण्यात असल्यापासूनच त्याचा आवाज असा की तो रडायला लागला की वरच्या मजल्यावरची माणसं खाली येऊन 'काय झालं हो?' म्हणून विचारायची. पुढे तोच आवाज कामाला आला. मैदानावर फुटबॉलचा सामना असला की माइक भोंग्याच्या हातात. मध्येच वीज गेली तरी कुणाचं काही अडायचं नाही. एरवी तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचा, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच लोकांना मैदानावर आपलं ऐकवायचा. फिट्टंफाट.

लग्न त्यानं केलं नाही. 'घरात एक ताई आहे तेवढी पुरे' म्हणायचा. माझा नवरा गेला आणि मी सामान घेऊन त्याच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यानं काहीही विचारलं नाही. स्वतःचा पलंग आतल्या खोलीत ओढत नेला, पुढची खोली झाडून दिली आणि म्हणाला, "उजेड इकडे जास्त आहे. तुझं मशीन खिडकीपाशी लाव." तेव्हापासून आम्ही दोघं. भांडायला तिसरं कुणी नसल्यामुळे एकमेकांशीच भांडतो.

मी नवे कपडे शिवत नाही. लोकांचे आहेत ते बेतात बसवून देते. लांब पँट आखूड कर, ढगळ सदरा अंगासरशी कर, पडदे खिडकीच्या मापाचे कर. आतल्या खोलीत भोंगा कॉम्प्युटरवर जे करायचा तेही हेच होतं, पण हे कळायला मला बराच काळ लागला. मला वाटायचं, घोड्याएवढा झाला तरी गेम खेळतोय.

तो खेळत नव्हता. पूर्वी हातात धरून खेळायची गेमची यंत्रं मिळत. आता ती कुणी बनवत नाही. पण इम्युलेटर नावाचं एक अ‍ॅप असतं, ते फोनला त्या जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतं. फोन बिचारा घेतो. मग त्यावर ते जुने गेम चालतात. अडचण एवढीच की गेमच्या फाईली अगडबंब असतात आणि लोकांचे फोन आधीच नातेवाइकांच्या फोटोंनी गच्च भरलेले. तेव्हा भोंग्यासारखी माणसं ती फाईल दाबतात, पिळतात, तिच्यातलं नको ते काढून टाकतात, आणि इंटरनेटवर ठेवतात. सुरुवातीचा व्हिडिओ काढ. न कळणाऱ्या भाषा काढ. प्रेक्षकांचे चेहरे पुसट कर, त्यांच्याकडे कोण बघतंय? भोंग्याचं खातं फुटबॉलचं. दर हंगामात खेळाडू क्लब बदलत, की हा बसून गेममध्ये त्यांची नावं, अंगरखे, केस बदलायचा. सगळं फुकट. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आमच्या घराण्यात आहे, माझ्या वाट्याला तेवढी आली नाही.

मग एकदा त्याच्या डोक्यात आलं की गेममधली कॉमेंट्री आपल्या भाषेत का असू नये. झालं. सगळा हिवाळा तो माझ्या कपड्यांच्या कपाटात बसला होता. खरंच कपाटात. गिऱ्हाइकांचे कोट आणि पडदे टांगलेले असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही, असा त्याचा शोध. मी मशीनवर पाय ठेवला की आतून ओरडायचा, "ताई, थांब ना जरा! आत्ता गोल होतोय!" गेमला सलग बोलणं चालत नाही, तुकडे लागतात. सामन्यात जसं घडेल तसे ते तुकडे जोडून गेम बोलतो. म्हणून प्रत्येक खेळाडूचं नाव त्यानं दोनदा म्हटलं. एकदा साधं, नुसता चेंडू पायाशी आल्यासारखं. आणि एकदा उसळून, तो खेळाडू गोलसमोर एकटा सापडल्यासारखं. दिवसभर कपाटातून परक्या माणसांची नावं ऐकून मला वेड लागायची पाळी आली होती. एका बाईंनी कोटाला कसला वास येतोय म्हणून विचारलं, तो माझ्या भावाच्या घामाचा होता, मी कापराचा सांगितला.

ती फाईल त्यानं इंटरनेटवर ठेवली. लोकांनी डोक्यावर घेतलं. आठवडाभर तो हवेत होता. मग खाली एकेकाचा निरोप यायला लागला. 'भोंगाभाऊ, मस्त. पण साईज कमी करा.' 'भाऊ, फोनमध्ये बसत नाही.' 'भाऊ, हलकी आवृत्ती द्या ना.' त्या फाईलमध्ये सगळ्यात जड काय होतं, तर त्याचा आवाज. त्यानं आवाज काढून टाकला. जी फाईल उरली ती मुठीत मावेल एवढी झाली आणि वाऱ्यासारखी पसरली. स्वतःवर खूश होऊन मला दाखवत होता, बघ ताई, किती बारीक केली.

आम्ही कपडा घट्ट करतो तेव्हा शिवणीत आत माया ठेवतो. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. कात्री लावून टाकणारा शिंपी आमच्यात अडाणी समजतात. पण या लोकांच्या धंद्याची रीत वेगळी. त्यांचा सगळा भरवसा त्या वर ठेवलेल्या लिंकवर. मूळ फाईल वर आहे ना, मग घरात कशाला जागा अडवायची? त्यानं घरची हार्ड डिस्क पुढच्या हंगामासाठी पुसून रिकामी केली. आणि जिथे फाईल ठेवली होती त्या वेबसाईटचा नियम असा की बराच काळ कुणी उतरवून घेतली नाही तर ती काढून टाकायची. जड फाईल कोण उतरवणार? सगळे हलकीच्या मागे.

हा नियम आम्हाला माहीत नव्हता, आणि अशात त्याचा घसा बसला. आधी वाटलं मैदानावर ओरडून बसलाय. मग गरम पाणी, मग गोळ्या, मग मोठं हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, गोलगोल बोलल्या नाहीत. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाल्या. श्वास गळ्यातल्या छिद्रातून घ्यावा लागेल, आणि बोलणं जाईल. मग त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. लोकांना नंतर फार वाटतं."

मी घरी येऊन त्याच्या मागे लागले. तो हसला. बसलेल्या, फाटलेल्या आवाजात म्हणाला, "अगं ताई, एक अख्खा हिवाळा मी तुझ्या कपाटात बसून काय केलं? माझा चांगला आवाज आहे ना वर. हा घोगरा कशाला ठेवायचा?"

मलाही ते पटलं. मी कोण मोठी शहाणी!

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर पहिले काही दिवस नळी, औषधं, गळ्यापुढे बांधायचे पातळ सुती रुमाल यात गेले. रुमाल मीच शिवले, पांढऱ्यात तो आजारी दिसतो म्हणून रंगीत. तो जरा सावरल्यावर एका दुपारी मी म्हटलं, "लाव ना रे तो तुझा गेम. मला ऐकायचंय." त्यानं कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ खटखट केली. मग हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. पडद्यावर एवढंच लिहिलं होतं की ही फाईल आता उपलब्ध नाही.

दुसरीकडे कुठे त्याचा आवाज असेल म्हणून मी जंग जंग पछाडलं. मैदानावरचं कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं. फोनवर तो निरोप ठेवणाऱ्यातला नव्हता, थेट बोलणारा होता. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत तो दिसतो, तोंड उघडून काहीतरी ओरडतोयसुद्धा, पण व्हिडिओवाल्यानं वर सनई लावलीये. त्या व्हिडिओवाल्याचं भलं होवो.

कचेरीनं दयाळूपणा केला. खिडकीवरून उठवून त्याला मागच्या खोलीत बसवलं, जिथे जुने नकाशे ठेवतात आणि कुणाशी बोलावं लागत नाही. मैदानावर दुसरा माणूस आला. आणि भोंगा हे नाव बंद झालं. कुणी ठरवून केलं नसेल, पण सगळ्यांनीच ते गिळलं. गल्लीतली माणसं त्याला 'काय साहेब' म्हणायला लागली. जन्मात त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तो मान हलवायचा आणि भराभर पुढे जायचा. घरात तो फोनवर टाइप करून मला दाखवायचा. 'मीठ कमी.' 'उद्या उशीर.' भांडायचं म्हटलं तरी मी चार वाक्यं बोलून मोकळी आणि हा अजून पहिलं अक्षर शोधतोय. मग मीच भांडणं सोडली. घर इतकं शांत झालं की मशीनची सुई मोडली तर दचकायला व्हायचं.

फक्त इंटरनेटवर तो अजून भोंगा होता. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो तिथेच असायचा, पाठमोरा.

शेवटी मीच त्याला म्हटलं, "तिथल्या लोकांना विचार. कुणाकडे तरी असेल जड फाईल."

त्यानं टाइप केलं, 'नको.'

"का नको?"

'त्यांना सांगावं लागेल.'

"मग मी सांगते. मला कुणाची भीडभाड नाही."

तो खुर्चीवरून उठला आणि खुर्ची मला दिली. मी एका बोटानं लिहिलं, 'मी भोंग्याची मोठी बहीण. त्याचं ऑपरेशन झालं, आता त्याला बोलता येत नाही. त्याच्या आवाजाची जुनी मोठी फाईल कुणाकडे असेल तर कृपा करून द्या.' पहिलं उत्तर आलं, 'ताई, फाईलचा पासवर्ड काय आहे?' दुसरं, 'नवीन हंगाम कधी येणार?' तिसऱ्यानं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि हलक्या फाईलची लिंक पाठवली. मी इतकी चिडले की बोलायची सोय नाही. भोंगा मात्र मागे उभा राहून खांदे हलवत होता. हसत होता. आवाज नसलेलं त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

बऱ्याच दिवसांनी एकाचा निरोप आला. 'माझ्याकडे आहे. फोन करू का?' तो माणूस कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवायचा. फोन मीच घेतला आणि स्पीकरवर टाकला. भोंगा दारात उभा राहिला.

"ताई, माझ्या जुन्या फोनमध्ये आहे ती," क्रेनवाला म्हणाला. "काच फुटलीये फोनची, पण मी टाकला नाही. त्या गेमसाठीच ठेवलाय."

"एवढं खेळता?" मी विचारलं.

"छे, मला कुठलं येतंय खेळायला! मी दोन्ही संघ कॉम्प्युटरकडे देतो आणि नुसतं लावून ठेवतो. आमची केबिन वर असते, ताई. एकदा चढलं की पाळी संपेपर्यंत माणूस नाही. जेवताना तुमच्या भावाचा आवाज सोबतीला असतो. गोल झाला की घास हातात राहतो, असा ओरडतो पठ्ठ्या." मग त्यानं विचारलं, "आहेत का ते तिथे? माझं एवढं ऐकतील का?"

मी भोंग्याकडे पाहिलं. तो पुढे येऊन फोनसमोर बसला.

"ऐकतोय तो," मी सांगितलं.

"भोंगाभाऊ," क्रेनवाला म्हणाला, आणि त्याचा स्वर एकदम बुजल्यासारखा झाला. "ते तुमचं एक आहे बघा, 'घाई नको, घाई नको, जागा बघा.' मालाचा खोका खाली उतरवताना मी ते रोज मनात म्हणतो. खाली माणसं उभी असतात ना. तुम्हाला एकदा सांगायचं होतं." "बरं, बोला ना तुम्हीपण काहीतरी," असं तो सवयीनं बोलून गेला आणि लगेच, "चुकलं हो, चुकलं, माफ करा," म्हणत फोन ठेवून दिला.

भोंगा तसाच बसून होता. तोंड उघडं. श्वास गळ्यावरच्या रुमालाला हलवत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं हळूच काढला आणि आत गेला.

फाईल तुकड्यातुकड्यांनी आली. भोंग्यानं ते जोडले, माझ्या फोनमध्ये बसवले, गेम लावून फोन माझ्या हातात दिला आणि चपला घालून बाहेर निघून गेला. मी तीन शब्द ऐकले आणि रडायला लागले. 'नमस्कार, नमस्कार मंडळी.' तोच. भरलेला, उर्मट, पुढच्या गल्लीपर्यंत जाणारा. तो जिवंत आहे, कोपऱ्यावर जाऊन आत्ता परत येईल, आणि मी मेलेल्या माणसासाठी रडावं तशी रडतेय, याची मला लाज वाटली. तरी थांबेना.

त्याच्यासमोर मी दोनदा लावून पाहिलं. दोन्ही वेळा तो उठून गेला. म्हणून मी कानात इअरफोन घालून ऐकायला लागले. क्रेनवाल्यासारखं दोन्ही संघ कॉम्प्युटरकडे दिले की पुरतं, पण मला ते गोड लागेना. मी स्वतः खेळायला शिकले. मी बटण दाबलं की तो बोलणार, ही गोष्ट मला हवी होती. माझ्या खेळाडूनं चेंडू भलतीकडे मारला की तो वैतागून म्हणायचा, 'अहो, काय करताय काय!' माझ्याशी भांडायला घरात पुन्हा कुणीतरी आलं होतं. मी मुद्दाम चुकायची. काम उरकून, पाय मशीनखाली पसरून, खिडकीकडे तोंड करून रोज दुपारी मी माझ्या भावाबरोबर बसायची. सुट्टीच्या दिवशी तो आतल्या खोलीत असायचा, आणि मी बाहेर त्याच्याबरोबर. त्यातलं विचित्रपण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला बरं वाटत होतं, एवढंच मला कळत होतं.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी माझा संघ हरत होता आणि भोंगा कानात गर्जत होता. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. वळून बघते तर पडदे आखूड करायला देणाऱ्या बाई. मी इअरफोन काढले.

"अहो, किती वेळ झाला," बाई म्हणाल्या, "भाऊ केव्हाचे हाका मारतायत तुम्हाला."

त्यांच्या मागे, दाराच्या कडेला, भोंगा उभा होता. हातात दाढीच्या मशीनसारखं दिसणारं एक यंत्र होतं. हॉस्पिटलनं ऑपरेशननंतर दिलेलं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, मग यंत्र गुणगुणतं आणि त्यातून शब्द निघतात. त्यानं ते कधी बाहेर काढलेलं मी पाहिलं नव्हतं. कुठे सराव केला, किती दिवस केला, मला काही माहीत नाही. आत दार लावून बसायचा तेव्हा बहुतेक. आणि माणसांत पहिल्यांदा ते गळ्याला लावलं ते एका परक्या बाईच्या देखत, मला हाक मारायला.

बाईंचे पडदे मी दिले. त्यांनी काय म्हटलं, मी काय म्हटलं, काही आठवत नाही. दार लावून वळले तेव्हा तो फोनवर टाइप करत होता. त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

'कानात कोण होतं?'

"तूच," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, ठाऊक असल्यासारखी, आणि यंत्र खिशात टाकून आत जायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हाताला इतका जोर कुठून आला कुणास ठाऊक. "आता मार," मी म्हटलं. "आता मार ना हाक. मी ऐकतेय."

तो उभा राहिला. नको असं त्यानं दोनदा हातानं सांगितलं. मी मनगट सोडलं नाही. मग त्यानं दुसऱ्या हातानं यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं, जागा चुकली, पुन्हा टेकवलं. माशी बाटलीत अडकावी तसा आवाज आला. एकसुरी, कुणाचाही, कुणाचाच नाही असा. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता, भोंगा तर औषधालाही नव्हता. तो शब्द 'ताई' होता हे मला त्याच्या ओठांवरून कळलं, कानांनी कळलं नाही.

मी ओ दिली. पण ती द्यायला मला एक क्षण उशीर झाला, आणि तेवढ्या क्षणात तो माझ्या तोंडाकडेच बघत होता.